फ्रिजमधला हिवाळा

सिंगापूरच्या रॅफल्स प्लेसमधल्या बँकेत तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासून निशिकांतचा कुणावर म्हणून विश्वास उरला नव्हता. निवृत्तीनंतर क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये संशय घ्यायला माणसं दोनच, तो स्वतः आणि बायको अनघा. स्वतःला त्यानं केव्हाच निर्दोष ठरवलं होतं.

त्यात टोरांटोहून थोरल्या बहिणीचे, सविताताईचे, डेलियाचे कंद आले. ताईनं तिकडे चाळीस वर्षं पॉम्पॉन डेलिया फुलवले, लिंबाएवढे गच्च गोल गेंद. बर्फ पडायच्या आत कंद उकरून तळघरात निजवायचे, थंडी सरली की पुन्हा लावायचे. आता तिचे गुडघे गेले, घर विकलं, बागही गेली. उरले एवढे पाच कंद. सिंगापुरात थंडी कुठून आणणार? म्हणून निशिकांतनं ते भुशात घालून डब्यासकट फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात ठेवले.

आणि त्याची स्वतःची झोप उडाली. कंद दिसायला थेट रताळी! महाशिवरात्र तोंडावर आलेली, अनघाचा कडक उपास, आणि ओट्यावर किसणी.

"किसणी कशाला काढलीस?"

"अहो, गाजरं किसायची आहेत."

गाजरं म्हणे! निशिकांत काय समजायचं ते समजला. ती खाली बाजारात गेल्यावर त्यानं डबा उचलून सगळ्यात वरच्या कप्प्यात, पार मागे, लोणच्याच्या बरण्यांआड दडवला.

शिवरात्रीला संध्याकाळी ताटात साबुदाण्याची खिचडी होती, दाण्याची आमटी होती, रताळ्याचा कीस तेवढा नव्हता. हिनं आधीच गुपचूप खाल्ला की काय? निशिकांत ताटावरून उठला आणि त्यानं डबा काढला. कंद दगडासारखे गोठले होते. एक हातात धरला, तर बोटांच्या उबेनं लिबलिबीत होऊन पाणी गळायला लागलं.

"तू हात लावलास याला?"

"वर कुणी ठेवला डबा?" अनघा म्हणाली. "तिथे दूधसुद्धा गोठतं. चुकून घोटाळा नको, म्हणून मी यंदा घरात रताळी आणलीच नाहीत."

निशिकांतनं हातातला कंद परत डब्यात टाकला. टोरांटोत उजाडलं की ताईचा फोन यायचाच. तो आला.

"काय रे, निजलीयेत ना माझी बाळं?"

त्यानं फोन कानापासून दूर धरला. अनघानं फोन घेतला.

"ताई, घात झाला हो. माझ्या हातून डबा भलत्या जागी ठेवला गेला. सगळे कंद गोठले."

मग ताई म्हणाली, "असू दे गं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

निशिकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन घ्यायचा आणि खरं काय ते सांगायचं, एवढंच करायचं होतं. अनघा फोन पुढे करून उभी होती.

त्यानं मान हलवून नको म्हटलं.