देवीने न दिलेला कौल

माझी मोठी जाऊ गेली त्या दिवसापासून माझा उजवा हात माझा राहिला नाही. त्याची तीन बोटं सदा डाव्या मनगटावर. भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवायची, नाडी बघायची. जाऊबाई वाडीत मोगरा खुडत होत्या, मी त्यांच्या शेजारच्याच ओळीत होते. "जरा धडधडतंय गं," एवढंच त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ऊन लागलं असेल, बसा जरा." बसल्या त्या पुन्हा उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं म्हणाले. मी बोललेलं ते वाक्य अजून माझ्या घशात अडकून आहे, आणि महिन्याभरातच माझंही धडधडायला लागलं.

आमचे हे कंपनीतून आले की मी दारातच सांगायची, आज किती वेळा ठोका चुकला. एकदा वैतागून म्हणाले, "अगं, ती तुझी जाऊ, बहीण नव्हे. तिचं हृदय तुला वारशाने कसं येईल?" हसायला आलं असतं, पण भीतीला हसू कुठलं कळतंय? मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. बोईसरच्या डॉक्टरांनी चार वेळा ईसीजीची पट्टी काढली, सोनोग्राफी केली, सगळं चांगलं निघालं. पाचव्यांदा गेले तेव्हा त्यांनी पट्टी काढायला चक्क नकार दिला. म्हणाले, "ताई, घरातलं बीपीचं मशीन मिस्टरांच्या ताब्यात द्या. मोबाइलवर रोग शोधणं बंद करा. दर वेळी तपासता, तेव्हा तुम्ही भीतीला खायला घालता." मला वाटलं, हे काहीतरी लपवतायत. घरी येऊन आधी मशीनच लावलं. आकडा चढला होता. चढणारच, मेला! पण तेव्हा वाटलं, संपलं सगळं.

यात माझी लेक सातव्या महिन्यात. सासर सफाळ्याला, पहिलंच बाळंतपण, म्हणजे माहेरीच यायचं. पण मी तिला आणत नव्हते. घरात ती एकटी असताना मी जाऊबाईंसारखी कोसळले तर? त्या धक्क्याने तिला काही झालं तर? दोनदा सांगितलं, घराचं काम चाललंय, धूळ आहे. तिसऱ्यांदा ती फोनवर म्हणाली, "आई, मी नकोय का तुला?" मी फोन ठेवला आणि रडले. रडतानाही बोटं मनगटावर.

मग मी देवीकडे धाव घेतली. शिरगावच्या पुढे किनाऱ्याला लागून आमच्या गावदेवीचं देऊळ आहे. तिथे कौल लावतात. पुजारी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतात, आपण मनात प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली की चांगलं, डावी पडली की सांभाळून. मी विचारलं, माझं हृदय बरं आहे ना? उजवी कळी पडली. घरी येईपर्यंत पिसासारखी हलकी होते मी. संध्याकाळी शंका आली, वाऱ्याने तर पडली नसेल? चार दिवसांनी पुन्हा गेले. पुन्हा उजवी. तिसऱ्या खेपेला पुजारीकाका म्हणाले, "वहिनी, तेच तेच विचारू नये. तिने सांगितलंय ना?" तेव्हा मी जे केलं ते आता सांगूनच टाकते. मी खोटं बोलले. "आज लेकीच्या बाळंतपणाचं विचारायचंय," म्हटलं, आणि डोळे मिटून विचारलं ते माझ्याच हृदयाचं.

कळी पडेना. ना उजवी, ना डावी. काकांनी घंटा वाजवली, गाऱ्हाणं घातलं, पुन्हा घातलं. माथ्यावर ऊन आलं तरी दोन्ही कळ्या जागच्या जागी. काकांचा चेहरा उतरला. हळूच म्हणाले, "पोरीला जपा हो," आणि जेवायला घरी निघून गेले.

लेकीचं नाव मी खोट्यात ओढलं होतं. आता देवीने तिच्यावरच काही आणलं तर? बाहेरच्या ओट्यावर कशीबशी टेकले. छाती आवळली, तोंड कोरडं पडलं, बोटांना मुंग्या आल्या. नाडी मोजायला गेले तर आकडेच लागेनात. बाजूला चिटपाखरू नाही. मला खात्री झाली, जाऊबाईंना झालं ते हेच. डोळ्यांसमोर लेकीचं पोट येत होतं, आणि मी नसलेलं घर.

तेवढ्यात सातपाटीकडची एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊन सावलीला आली. माझ्याकडे बघितलं, टोपली उतरवली, तांब्यातलं पाणी दिलं. "काय व्हतंय बाय?" मी म्हटलं, "मी मरतेय." तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. "दुखतंय कुठं? हात, पाठ?" नाही म्हटलं. "आदी झालंय असं?" रोजच होतं म्हटलं, डॉक्टरांनी चार वेळा बघितलंय. तशी ती म्हणाली, "मंग बस. ही भरती हाय. चढल तवडी चढल नि उतरल. तू उगा तिला ढकलत नको बसू." आणि तिने फडकं पसरून त्यावर सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, ओतली, त्यातला कचरा निवडायला बसली. अर्धा ढीग माझ्यापुढे सरकवला. मला रागच आला. इथे माझा जीव चाललाय आणि हिला करंदीचं पडलंय! ती मान वर न करता म्हणाली, "मरनार तं समदेच हाव. पन आज करंदी निवडायची हाय."

मी निवडायला लागले. करंदी बारीक, एका हाताने जमत नाही. मनगट धरायला बोट मोकळं राहिलं नाही. धडधड चालूच होती, उलट एकदा अशी उसळली की मी डोळे मिटले. ती म्हणाली, "निवड." मी निवडलं. मग कधीतरी छाती सैल झाली. कळलंही नाही. मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?" म्हणाली, "माजा घरवाला आठ-आठ दिस दर्यात असतो. वाटल नाय तं काय? पन रोज देवीला इचारत बसले तं मावरं कोन इकल? एकदा तिच्या पायावर घातला, मंग तिचा हाय तो."

गावातल्या बायका म्हणतात, देवीच आली होती. मला ठाऊक नाही. देवी असती तर जाताना मला करंदी जरा स्वस्त दिली असती. पुढे ती बाजारात दिसली, मला ओळखलंही नाही तिने. पण तिला त्याच घटकेला तिथे कोणी पाठवलं, एवढं मी मनाशी जाणते.

दुपारी पुजारीकाकांकडे जाऊन खोटं कबूल केलं. ते रागावतील असं वाटलं होतं. सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, "मग बरोबरच आहे तिचं. एक नाव सांगायचं आणि दुसरं विचारायचं, त्याला ती काय उत्तर देणार?" तिथूनच लेकीला फोन लावला, म्हटलं, रविवारी न्यायला येतो.

डॉक्टरांचं ऐकायचं ठरवलं. मशीन ह्यांच्या कपाटात गेलं. मोजावंसं वाटलं की आधी हातातलं काम संपवायचं, मगच मोजायचं, असा नियम केला. काम संपेपर्यंत बहुतेकदा भरती उतरलेली असे. कधी मोडला नियम, नाही असं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो काही एका दिवसात गाव सोडत नाही. खरंच काही दुखलं तर डॉक्टरांकडे जाईनच, पण त्याच प्रश्नाने देवीला आता छळत नाही. तिच्यापुढे जाते आणि फक्त म्हणते, तू बघ.

लेकीचे दिवस भरले. पालघरच्या दवाखान्यात सकाळपासून कळा. बाळाचे ठोके कमी होतायत म्हणून नर्सबाई धावल्या, आणि माझ्या छातीत ते सुरू झालं, तेच, तस्संच. एक क्षण वाटलं, बाहेर जावं, बसावं, आपलं बघावं. लेकीने घामेजल्या चेहऱ्याने माझ्याकडे मान वळवली. "आई, घाबरलीस?"

"हो गं, खूप," मी म्हटलं, आणि तिच्या उशाशी उभी राहिले. बाळ रडेपर्यंत हलले नाही.