बाटलीहिरव्या गाडीचे मूळ भाग

त्यांना सगळे चालेलराव म्हणत. खरं नाव पोस्टमनला माहीत होतं, बाकी कुणाला गरज पडली नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशिनं दुरुस्त केली आणि अमुक भाग मिळत नाही म्हणून एकही मशीन परत पाठवलं नाही. गिऱ्हाईक रडकुंडीला येऊन सांगायचं की कंपनीची स्प्रिंग कुठेच मिळत नाही. मग हे खिशातून, डब्यातून, नाहीतर सरळ स्वतःच्या छत्रीतून काहीतरी उपटायचे, एक डोळा मिटून त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "चालेल." आणि चालायचं. छत्री तेवढी पुन्हा उघडायची नाही.

घरातही तोच कारभार. न्हाणीघराच्या दाराची कडी म्हणजे एका चमच्याचा दांडा होता. टेबलफॅनचं बटण पूर्वी कोटाला असायचं. अशा माणसाची बायको गणिताची शिक्षिका निघावी, आणि तीही अशी की कात्री उजव्या खणात म्हणजे उजव्याच खणात. वस्तू हरवली की ती शोधत बसायची नाही. सरळ नवऱ्यासमोर उभी राहून विचारायची, "कशाला लावलंत?"

तिच्या या शिस्तीला कारण होतं, आणि ते चालेलरावांनी लग्नानंतर निदान शंभरदा ऐकलं होतं. ती सातवीत असताना भूमितीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्या कंपासपेटीतलं करकटक हरवलं. तिच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, तिला समोर बसवून शंभर वेळा लिहायला लावलं, 'मी माझ्या वस्तू जागेवर ठेवीन.' त्या दिवसापासून तिने जन्मात काही हरवलं नाही. हे सांगताना तिचा आवाज अभिमानाचा असायचा, पण शेवटी शेवटी थोडा पडायचा. "मी ते पेटीतच ठेवलं होतं हो," असं म्हणून ती विषय बदलायची.

दादा वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानांतून तराजू तपासत, खोटं वजन सापडलं की जप्त करत. नोकरी संपून तेहतीस वर्षं झाली होती, पण माणूस तपासणीतून निवृत्त झाला नव्हता. वय एक्क्याण्णव, पाठ ताठ, शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी. घरातल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर त्यांनी छिन्नीसारख्या छोट्या ठशाने आकडे उठवले होते. स्वतःच्या वस्तूवर एक, बायकोच्या दोन, मुलीच्या तीन, मुलाच्या चार. कुणाची वस्तू कुणी घेतली यावर त्या घरात वाद होऊच शकत नव्हता.

या दादांच्या मुलीचं लग्न आधी एका इंजिनिअरशी ठरलं होतं. त्याने परदेशात नोकरी धरली आणि पत्राने नकार कळवला. लग्नाचे कपडे शिवता शिवता घरातलं मशीन आधीच अडलं होतं, आणि त्याच आठवड्यात ते दुरुस्त करायला एक हसऱ्या चेहऱ्याचा तरुण आला. मशीन सुरू झालं, बाकीचंही जमलं. दादा मात्र पुढे येणाऱ्या जाणाऱ्याला जावयाची ओळख करून देताना म्हणायचे, "ऐनवेळी मिळालं ते बसवलं." सगळे हसायचे. चालेलरावही हसायचे. बेचाळीस वर्षं ते या विनोदावर हसत होते आणि एकदाही त्यांना हसू आलं नव्हतं.

आता गाडीचं. दादांची बाटलीहिरवी गाडी मेहुण्याच्या घरामागच्या शेडमध्ये तीस वर्षं उभी होती. तिची कंपनी केव्हाच बंद पडलेली. मेहुण्याला शेड भाड्याने द्यायची होती, तेव्हा त्याने भंगारवाल्याला सांगून ठेवलं. हे कळल्यावर बायको दोन दिवस आधीच नीट असलेले खण पुन्हा आवरत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई पुढच्या सीटवर बसायची. त्या गाडीत मी गाडी शिकले. ती तुकड्यांनी विकली गेलेली मला बघवणार नाही."

दादांनी अट घातली. "मूळ स्थितीत उभी राहिली तर ठेवा. चमचे आणि बटणं लावून चालवायची असेल, तर भंगारात बरी. मी स्वतः तपासणार. महिनाअखेरच्या रविवारी."

"एकही चालेल नको," बायकोने घरी येऊन बजावलं. "वचन द्या."

चालेलरावांनी दिलं. देताना अगदी मनापासून दिलं.

गाडी ढकलत घरामागच्या पत्र्याच्या पडवीत आणली, आणि पहिले दहा दिवस ते वचनाला जागलेही. पत्रं लिहिली, फोन केले, भंगारबाजार पालथा घातला. सापडलं काय, तर एक आरसा आणि दोन नट. अकराव्या दिवशी इंजिनावरच्या झाकणाखालची कॉर्कची पट्टी हातात घेतली तर तिचा भुगा झाला. अशी पट्टी आता कुठे मिळणार? ते उठले, घरात गेले, आणि बायकोच्या अभ्यासाच्या खोलीत भिंतीवर लावलेल्या कॉर्कच्या फलकासमोर उभे राहिले. वेळापत्रकं लावायचा तो फलक. ती शाळेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. जाडी अगदी हवी तेवढी होती.

"वाळवी लागली होती," त्यांनी सांगितलं. "काढून टाकला."

एकदा हात सैल सुटल्यावर मग काय. वायपरच्या दांड्याला शिलाई मशिनाचं बुश, म्हणजे आतली छोटी पितळी नळी, बसलं. ब्रेकच्या पायपट्टीला जुन्या बुटाच्या तळव्याचं रबर. दाराची काच खडखडू नये म्हणून खाचेत लोकरीची पट्टी हवी होती, ती बायकोच्या जुन्या कोटाच्या कॉलरमधून निघाली. काच फिरवायच्या हँडलला कपाटाच्या खणाची मूठ आली. बायको दोनदा कपाटासमोर थबकली, पण आपला नवरा वचन मोडेल हे तिच्या मनात आलं नाही. त्यामुळे चालेलरावांना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एका भागाच्या बाबतीत मात्र त्यांचं नशीब फळफळलं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कार्बोरेटर उघडणारा जो दांडा असतो, त्याचा शेवटचा वीतभर तुकडा एका निवृत्त ड्रायव्हरच्या माळ्यावर सापडला. कंपनीचा, शिक्क्याचा, न वापरलेला. निदान एक गोष्ट तरी दादांसमोर छाती पुढे काढून दाखवता येणार होती. सकाळच्या उन्हात ते बॉनेट उघडून जुना तुकडा काढायला वाकले.

जुना तुकडा मूळचा नव्हता. ग्रीसच्या थराखाली काहीतरी भलतंच होतं. त्यांनी रॉकेलच्या चिंधीने पुसलं. दोन पितळी पाय, मधे सांधा. सांधा ठोकून घट्ट केलेला, पाय सरळ रेषेत उघडलेले आणि दोन्ही टोकं वाकवून हूक केलेले. काम सुबक होतं. कुणीतरी आपल्यासारखाच, असं मनाशी म्हणत त्यांनी पुन्हा चिंधी फिरवली. सांध्यावर ठशाचा आकडा होता, तीन.

चालेलराव उलट्या डब्यावर बसले. आधी त्यांना हसू आलं. पोटभर, एकट्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वजनमापे निरीक्षक. शंभर वेळा लिहून घेणारे. ऐनवेळी मिळालं ते बसवलं म्हणणारे. आता येऊ द्या तपासणीला.

आणि मग त्यांना बारा वर्षांची एक मुलगी दिसली, टेबलाशी बसून लिहिणारी, पेटीतच ठेवलं होतं असं कुणाला तरी पटवू पाहणारी. तीच मुलगी या क्षणी घरात होती आणि तिच्या दृष्टीने जगात एकच माणूस मापात होता. तिच्या वडिलांना एक्क्याण्णवाव्या वर्षी तिच्यासमोर उघडं पाडून गाडी वाचवायची? चालेलरावांना ते जमेना. नवा दांडा दिसला की जुन्याचं काय झालं हे सगळ्यांसमोर निघालं असतं, म्हणून त्यांनी करकटक होतं तिथेच राहू दिलं, त्यावर ग्रीसचा भरपूर लेप दिला आणि नवा कोरा मूळ दांडा फडक्यात गुंडाळून खणात टाकला.

रविवारी दादा आले. डोळ्यांना भिंग, हातात पट्टी. मेहुणा मागे खुर्ची घेऊन. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली तेव्हा बायकोने तोंडावर हात धरला. दादांनी मान हलवली आणि तपासणी सुरू केली.

"एक," वायपरपाशी ते म्हणाले. "हे बुश या गाडीचं नाही." दार उघडलं, काचेच्या खाचेत पोलादी पट्टी घातली. "दोन. ही लोकर आहे."

"तो माझा कोट आहे," बायको म्हणाली.

"तीन." हँडलची मूठ. "चार." पायपट्टी. इंजिनाच्या झाकणाशी त्यांनी नखाने कोपरा खरवडला. "पाच. कॉर्क बरा कापलाय, पण कंपनीचा नाही."

बायको नवऱ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "वाळवी म्हणालात," एवढंच ती बोलली. चालेलरावांनी खाली बघितलं. उत्तर खणात होतं, बॉनेटखाली होतं, जिभेवर होतं. त्यांनी ते गिळलं.

"पाच भाग," दादा मुलाला म्हणाले. "उद्या बोलाव भंगारवाल्याला."

बायकोने उघड्या खिडकीतून आत हात घालून पुढच्या सीटच्या पाठीवर एकदा फिरवला आणि ती घराकडे निघाली. मेहुणा बॉनेट लावायला पुढे झाला. दादांनी ते वर धरून ठेवलं होतं. ते आत बघत होते, बराच वेळ. मग त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि आत हात घालून ग्रीस पुसायला लागले. पुसताना एकदा वर जावयाकडे बघितलं. त्या ताज्या लेपाचा अर्थ त्यांना कळला असावा.

"बेबी," त्यांनी हाक मारली. "थांब. आकडा चुकलाय. सहा आहेत."

बायको परत आली.

"सहावा मी बसवलाय," दादा म्हणाले. "बघ. तुझं आहे."

ती वाकली. आकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"याला ताप चढला होता," दादांनी मुलाकडे हात केला. "भर दुपारी डॉक्टरकडे निघालो आणि वाटेत दांडा तुटला. तुझं दप्तर मागच्या सीटवर होतं. दुसऱ्या दिवशी मूळ दांडा आणणार होतो, करकटक तुला देणार होतो. दांडा मिळाला नाही. लोकांची वजनं जप्त करणारा माणूस मी. सांगायची लाज वाटली, आणि मग उशीर होत गेला."

"मी शंभर वेळा लिहिलं दादा."

"अठ्ठ्याण्णव," दादा म्हणाले. "मी मोजले होते. काही बोललो नाही."

तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. चालेलराव आत जाऊन फडकं घेऊन आले. "मिळालाय दादा. मूळचा."

दादांनी दांडा पट्टीवर मोजला. मापाला मापच होतं. तरी त्यांनी तो परत केला. "पहिला याच कंपनीचा होता, आठ वर्षांत तुटला. हे चोवीस वर्षं रोज चाललं आणि तीस वर्षं उभं राहूनही वाकलं नाही. मूळ दांडा डिकीत ठेवा. जादा भाग म्हणून."

"ऐनवेळी मिळालं ते बसवलं, असं म्हणता ना दादा तुम्ही?" बायको म्हणाली. ती गाडीकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती.

दादांनी घसा साफ केला. "म्हणायचो," ते म्हणाले.

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. बायकोने स्टिअरिंग धरलं आणि चालेलरावांनी दादांसाठी पुढचं दार उघडलं, तर दादा मागे जाऊन बसलेले. "पुढे तुम्ही बसा," ते म्हणाले. "काही निखळलं तर तुम्हालाच कळेल." चालेलराव त्या सीटवर बसले. त्यांनी खिडकीची काच खाली करायला घेतली आणि कपाटाची मूठ हातात आली. ती त्यांनी गुपचूप खिशात टाकली.

शिक्षा कुणाला चुकली नाही. सोमवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर सासरे आणि जावई लिहायला बसले, 'मी दुसऱ्याची वस्तू न विचारता घेणार नाही.' दादांनी पट्टीने समास आखला. तिसाव्या ओळीला त्यांचं पेन संपलं. चालेलरावांनी दुसऱ्या पेनातली रिफिल काढली, ती आखूड पडली, तेव्हा मागे कागदाचा बोळा कोंबून बसवली. दादांनी पेन हातात फिरवून बघितलं आणि एकतिसावी ओळ लिहायला घेतली.

अकरा वाजता बायकोने दोन्ही कागद उचलले. दादांचे बरोबर शंभर भरले. मग ती नवऱ्याचे मोजायला लागली, ओळीगणिक बोट ठेवत. चालेलराव खिडकीबाहेर बघायला लागले, कारण शेवटी शेवटी हात फार दुखला होता आणि किती झाले हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. अठ्ठ्याण्णव होते.

ती काही बोलली नाही. तिने दोन्ही कागद जुळवून घडी घातली आणि उजव्या खणात ठेवून दिली.