काकूंनी शिवलेली कॉलर
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की टिटवाळ्यातल्या आमच्या शेजारच्या काकू आठवतात. त्या घरीच मजुरीवर कंपन्यांच्या शर्टांना कॉलर शिवून द्यायच्या. कॉलेजात असताना मी ‘परदेशी ब्रँड नाकारा, इथलं घ्या’ अशी पत्रकं वाटायचो आणि साठवलेल्या पैशांत माझा एकच नवा शर्ट येणार होता. काकूंनी पत्रक वाचलं आणि मशीनवरच्या शर्टाचं परदेशी लेबल मला दाखवलं. “अरे पुढाऱ्या, ही कॉलर मी शिवलीय. मग हा शर्ट इथला की तिथला?” मी विचारलं, “मजुरी तरी नीट देतात?” “कसली नीट! पण तुझं सगळ्यांनी ऐकलं तर आहे तीही जाईल.” त्यांनी माझ्याच जुन्या शर्टाची विरलेली कॉलर उसवून उलटी लावून दिली आणि नवा शर्ट राहूनच गेला. आजही दुकानात मी आधी कॉलरची शिलाई बघतो. शर्ट घेण्यात काकूंचं भलं आहे की न घेण्यात, ते मात्र अजून कळत नाही.