शेवटच्या बाकाला पडलेला फिशपाँड

दशरथ घाडीला आयुष्यात बरंच काही मिळालं. नाहूरला स्वतःचं घर, मुलुंडच्या एका शाळेत हेडक्लार्कची खुर्ची, विमलासारखी फटकळ पण पाठीशी उभी राहणारी बायको, आणि निवृत्तीनंतर जवळ बसून गोष्टी ऐकणारी नात, जान्हवी. एकच गोष्ट राहून गेली होती. कॉलेजच्या तीन वर्षांत त्याला एकही फिशपाँड पडला नव्हता.

आता हसायला काय झालं? गॅदरिंगच्या दिवशी निनावी चिठ्ठ्यांतून एकमेकांची उडवायची, भर सभेत ती वाचायची, ह्याला फिशपाँड म्हणतात. ज्याला तो पडायचा तो लाजायचा, चिडायचा, पण आतून फुलायचा. ज्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही, त्याची थट्टा कोण करणार?

आणि दशरथकडे लक्ष जाणार तरी कसं? देवगडाकडच्या गावात सारवलेल्या जमिनीवर बसून शिकलेला पोरगा. बाप मुंबईला गिरणीत. दहावी करून हा मुंबईत आला आणि बारावी होते न होते तोच संपात गिरणी बसली. बाप म्हणाला, "दशरथा, आता तुझ्यावर." मामाच्या ओळखीने पार्ल्याच्या बिस्किट कारखान्यात रात्रपाळी मिळाली. सकाळी पाळी सुटली की तोंडावर पाणी मारून तसाच कॉलेजात, शेवटच्या बाकावर. एक कान सरांकडे, दुसरा हातावर, डोळे मिटलेले. तास संपले की घर, झोप, आणि पुन्हा पाळी. गॅदरिंग संध्याकाळी असायचं. त्याने ते कधी पाहिलंच नाही. फिशपाँडबद्दल दुसऱ्या दिवशी पोरं बोलायची तेवढंच कानावर.

तरी बी. ए. झाला, सेकंड क्लास. वाडीतला पहिला. बापाने गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं. गुरव म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान बी. ए. केल्यान..." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग गुरव थांबला आणि हळूच विचारता झाला, "बी. ए. म्हंजे रे काय?" बाप म्हणाला, "तू देवाक सांग, देवाक म्हायत आसा."

तर यंदा कॉलेजबाहेर फलक लागला, जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा, चाळीस वर्षांपूर्वीच्या बॅचचा खास सत्कार. खाली रतनचा फोन नंबर. रतन त्या वेळचा वर्गप्रतिनिधी. दशरथने फोन केला, "मी दशरथ घाडी." पलीकडून, "घाडी... घाडी... अरे, ये ये. बायकोलाही आण. आणि फिशपाँड लिहून आण बरं का."

झालं. आठवडाभर दशरथच्या तोंडी दुसरा विषय नाही. विमला शर्टाला इस्त्री करताना म्हणाली, "साठी उलटली आणि थट्टा करून घ्यायची हौस."

"एक तरी पडेल गं."

"पडला नाही तर तोंड पाडून येऊ नका. आणि हा शर्ट सांभाळा. लग्न झालं तेव्हा अजून कारखान्यातच होतात, शर्ट खुंटीला लावले की मुंग्या चढायच्या. सोड्यात उकळले तरी वास जाईना. चाळीतल्या बायका विचारायच्या, विमले, रोज भाजतेस तरी काय?"

मेळाव्याला ही गर्दी. कुणी गळ्यात पडतंय, कुणी टक्कल चोळतंय. दारातच रतनने दशरथला मिठी मारली. "दशरथ! अरे वा, दशरथ!" आणि मग मान वळवून बाजूच्या बाईंना हळूच विचारलं, "रुचिरा, कोण गं हा?"

"मला काय माहीत. तूच मिठी मारलीस ना?"

दशरथने ते ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवून तो दाराच्या तोरणाकडे बघत राहिला. विमलाने त्याचा दंड धरला आणि खुर्चीवर नेऊन बसवलं.

रतनने घरची माशांची काचपेटी पुसून आणली होती. तीत चिठ्ठ्यांचा ढीग. पहिली त्याच्यावरच निघाली, "रतनला: तेव्हा कॉलेजच्या सेक्रेटरीपदाच्या निवडणुकीला उभा राहिलास आणि पडलास. आता निदान पोट तरी भरघोस मतांनी निवडून आलं." सभागृह दणाणलं. मग रुचिराला, "तुझ्या नोट्सवर अर्धा वर्ग पास झाला. बाकीचा अर्धा त्या परत करायच्या भीतीने आज आलाच नाही."

दशरथ सगळ्यांबरोबर हसत होता. पण प्रत्येक चिठ्ठी उघडली की तो थोडा पुढे सरकायचा आणि नाव ऐकलं की थोडा मागे. विमला बघत होती. पेटीचा तळ दिसायला लागला तसा तो पुढेच सरकून राहिला.

रतनने पुढची उघडली आणि आधी स्वतःच हसला. "बिस्किटाला: तू शेवटच्या बाकावर झोपायचास आणि आमची भूक जागी व्हायची."

काय टाळ्या पडल्या म्हणता! "बिस्किट! अरे, बिस्किट आलंय का रे?" लोक खुर्च्यांवरून वळून वळून बघायला लागले.

दशरथने शेजारी बसलेल्या वर्गातल्या राजारामला विचारलं, "कोण हा बिस्किट?"

"होता यार एक. मागे डोकं टेकून झोपायचा. काय वास यायचा त्याचा, गरम गरम, आत्ता भट्टीतून काढल्यासारखा. सकाळी उपाशीपोटी यायचो आम्ही. जीव जायचा. नाव कुणी विचारायच्या आत निघून जायचा."

"नशीबवान माणूस," दशरथ म्हणाला.

विमलाने त्याच्याकडे असं पाहिलं की देवळातला गुरवसुद्धा गाऱ्हाणं विसरला असता.

"अहो, उठा."

"कुठे?"

"पुढे. तुम्हाला बोलावतायत."

"मला कुठे? ते कुणा बिस्किटाला..."

"मुंग्या मी झटकल्यात तुमच्या शर्टांच्या. उठा म्हणते ना." आणि तो उठेना म्हणून तीच उभी राहिली. "अहो रतनभाऊ, हे बघा तुमचं बिस्किट. इथे बसलंय."

रतन माईक हातात घेऊन खाली उतरला, दशरथच्या तोंडाकडे बघत राहिला. "डोळे मीट रे जरा."

दशरथने मिटले.

"तोच!" रतन म्हणाला. "साल्या, डोळे उघडे ठेवून आलास, ओळखणार कसं?"

मग जे झालं ते विचारू नका. राजाराम पाठीवर थापा मारतोय, रुचिरा म्हणतेय, "तुझ्यामुळे मी घरून डबा आणायला लागले." दशरथ म्हणाला, "पण मला तर कधी फिशपाँड पडला नाही."

"दरवर्षी पडायचा," रतन म्हणाला. "तिन्ही वर्षं. मी हाक मारायचो, बिस्किट आलंय का, आणि पोरं ओरडायची, झोपलंय. एकदा सर चिडले, म्हणाले, हसू नका, तो कामावरून येतो. तुम्ही सगळे मिळून झोपता त्याहून तो एकटा जास्त जागतो. तेव्हापासून तुझ्या बाकाशेजारी कुणी मोठ्याने बोलायचं नाही."

हे ऐकून विमलाने पदर नीट केला आणि अशी ताठ बसली, जणू सेकंड क्लास तिलाच मिळाला.

जेवणं राहिली बाजूला. अख्खी बॅच जुन्या वर्गात घुसली. बाक नवे होते, जागा तीच. दशरथला शेवटच्या बाकावर बसवलं, डोकं हातावर ठेवायला लावलं आणि सगळे भोवती फोटोला उभे राहिले.

"हलू नकोस रे. झोप, झोप."

पण झोप कसली येतेय. डोळे मिटले की ओठ हसायचे, ओठ आवरले की खांदे हलायचे. फोटोवाला कंटाळला.

विमला दारातून म्हणाली, "घरी टेकलात की घोरता. इथेच काय झालं?"

"आत्ता जागा राहू दे गं," दशरथ हातावरचं डोकं न उचलता म्हणाला, "ह्या वर्गात कधी जागा नव्हतो."