स्टुलावरची गादी

घोडेस्वारी शिकवणाऱ्या त्या शाळेत मोतद्दार मामांचा तोरा एकाच गोष्टीचा, खराऱ्याचा. घोडा कुठलाही असो, मामांनी अर्धा तास ब्रश घेऊन हात फिरवला की त्याच्या अंगात तोंड पाहून घ्यावं. मालकीणबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या मामांच्या हाताला जादू आहे," आणि मामा मिशीत हसायचे.

या जादूला म्हातारी तेवढी बधेना. म्हातारी म्हणजे तेवीस वर्षांची तांबूस घोडी. शाळेतली निम्मी मुलं तिच्याच पाठीवरून पडायला शिकली आणि मग बसायला. थंडी सरली की बाकीच्या घोड्यांचे केस पुंजक्यांनी गळायचे, हिचे गळेनात. उन्हाळा चढला तरी अंगावर अस्वलासारखी झूल. लोक म्हणतील, मामा थकले, खरारा करत नाहीत! मग एका पहाटे मामांनी तबेल्याचं दार लोटून घेतलं आणि केस कापायचं यंत्र चालवलं. मालकीणबाई येईपर्यंत म्हातारी गुळगुळीत.

"मामा, काय केलंत हो?"

"काय करणार? हात चालवला जरा."

तीन उन्हाळे असेच गेले. कापलेले केस पोत्यातून घरी यायचे. बायकोनं त्यांची स्टुलावर टाकायला गादी शिवली.

यंदा म्हातारी पाणी फार पिऊ लागली. दोन बादल्या रिचवून तिसरीसाठी नळाकडे बघायची, आणि सकाळी खालचा भुसा ओलाचिंब. तो उपसून मामांची कंबर मोडली. "म्हातारपणी चळ लागलाय हिला," म्हणत त्यांनी एक बादली काढूनच घेतली. पाठीचं मांस उतरलं, पोट सुटलं. ते मामांनी वयावर ढकललं.

मग एका सोमवारी म्हातारी जागची हलेना. पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी. खूर गरम लागत होते. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या.

"मामा, हिचे केस वेळेवर गळतात ना?"

मालकीणबाई हसल्या. "मामांच्या हाताखाली कुणाचे केस टिकतील?"

"गळतात की," मामांच्या तोंडून निघून गेलं.

"पाणी?"

"नेहमीएवढंच."

"मग ही खुरांची सूज खाण्यातूनच आली असणार. दुखणं थांबायचं औषध देते, चारला परत येते. पण पायांनी असा पुन्हा पुन्हा दगा दिला, तर हिला जगवणं म्हणजे हाल करणं होईल."

दुपारी जेवताना मामांनी बायकोला सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी केसांचं विचारलं, तेही.

"मग सांगितलंत ना, कापतो म्हणून?"

मामा ताटात बोट फिरवत राहिले.

"अहो, मला एवढी तहान लागली असती तर?"

"तुला डॉक्टरकडे नेलं असतं."

"आणि तिची बादली काढलीत." ती स्टुलावरून उठली आणि बुडाखालची गादी त्यांच्यापुढे ठेवली. "तोंडानं जमणार नसेल तर ही न्या."

चार वाजता मामा काखेत गादी मारून तबेल्यात शिरले. मालकीणबाई म्हणाल्या, "हे काय, मामा? मुक्काम ठोकताय की काय?"

मामांनी खूर साफ करायच्या आकडीनं शिवण उसवली. तांबूस केस भसकन बाहेर आले.

"हिचेच आहेत. गळत नाहीत, मी कापतो. तीन वर्षं झाली. पाणी दोन बादल्यांनी पुरत नाही तिला, आणि मी एकच ठेवतो."

डॉक्टरीणबाईंनी एक बट बोटांत धरून लांब केली. "म्हाताऱ्या घोड्यांत मेंदूच्या तळची एक ग्रंथी बिघडते, मामा. न गळणारे केस, तहान, उतरलेली पाठ, हे पाय, सगळं त्यातलंच वाटतंय. रक्त तपासते. तेच निघालं तर रोज गोळी, कायमची. बरं नाही व्हायचं, पण आटोक्यात राहतं."

"आधी बोललो असतो तर पाय वाचले असते?"

"कदाचित," त्या म्हणाल्या आणि सुई शोधू लागल्या.

मालकीणबाईंनी चार शिव्या घातल्या असत्या तर मामांना सोपं गेलं असतं. मामांनी नळावरून बादली आणली, मग दुसरी, मग तिसरी. म्हातारी घटाघट प्यायली आणि रोजच्यासारखं ओलं तोंड त्यांच्या खांद्याला पुसलं. मामांनी मान फिरवली, पण खांदा तिथेच ठेवला.