मध्यंतरानंतरचा नट

जे. पी. नगरच्या थिएटरातले डोअरकीपर मराठीच, पण बोलण्यात इथली कानडी मुरलेली. सिनेमावर स्वतःचं मत ते देत नाहीत, बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे बघून सांगतात, "आज लोक स्वल्प रडलेत."

एका नावाजलेल्या नटाचा सिनेमा मी मध्यंतरालाच सोडला आणि मराठी मंडळाच्या अंकात 'अभिनय थकला' असं ठोकून दिलं. पुढच्या रविवारी थिएटरच्या दारात डोअरकीपरनी मला गाठलं.

"अण्णा, वाचलं तुमचं. तो नट मध्यंतरानंतरच सुरू होतो की!"

त्यांनी बॅटरीनं रिकामी खुर्ची दाखवली. "सरी, बरं, बसा आता. तुमचा अर्धाच राहिलाय."

संपल्यावर माझा चेहरा बघून ते नुसते हसले. घरी येऊन मी पुढच्या अंकासाठी पहिलं वाक्य लिहिलं: मागचं मत अर्ध्याच सिनेमावरचं होतं.