वक्र जागा आणि बुधवारचे आम्ही तिघं

प्रमेय चुकलं की फळा पुसता येतो, गणितात हे एक बरं असतं. फळ्यासमोर झालेले किस्से मात्र पुसले जात नाहीत, साठतच जातात. अंधेरीच्या आमच्या कॉलेजात पाच वर्षं दर बुधवारी दुपारी आम्ही तिघंच बसायचो: गाइड परब सर, नम्रता आणि मी. आम्हा दोघींची पीएच.डी. चालू होती. त्या बुधवारच्या किश्श्यांतले हे थोडे.

पहिल्याच बुधवारी सर सिंग्युलर इंटिग्रल समजावत होते. म्हणाले, प्रत्येक बिंदूवर आजूबाजूच्या सगळ्यांचा परिणाम होतो. शेजारी जितका जवळ तितका जास्त, अगदी खेटून असला तर अनंत. पण काही परिणाम अधिक, काही उणे, त्यामुळे एकमेकांना मारतात आणि एकूण सगळं मर्यादेत राहतं. ती मर्यादा किती, हे आपल्याला काढायचंय.

नम्रता दिंडोशीच्या सोसायटीत वाढलेली. तिने पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "सर, तुमच्या बिल्डिंगमध्ये खरंच असं होतं?"

सरांची पद्धत प्रोबॅबिलिटीची. वक्र पृष्ठभागावर एक कण सोडायचा, त्याला वाटेल तसं भटकू द्यायचं आणि असल्या असंख्य भटकंत्यांच्या सरासरीतून ती मर्यादा गाठायची. अंतिम उत्तरात मात्र कणाचं नावसुद्धा नसतं. मी एकदा कुरकुरले की मग त्याला आणायचाच कशाला.

"पंगतीत आचारी दिसतो का गं?" सर म्हणाले आणि पुढचं समीकरण लिहायला वळले.

मधल्या काळात नम्रताला बघायला मुलुंडहून पाहुणे आले. मुलगी काय करते, असं मुलाच्या वडिलांनी विचारलं. नम्रताची आई निवृत्त नर्स, बोलणं ठाम. "वक्र जागांवर काम करते," तिने सांगून टाकलं. त्या गृहस्थांचं आयुष्य रस्तेबांधणीत गेलेलं. ते खूश होऊन अर्धा तास घाटातल्या वळणांवर बोलले. नम्रता मान डोलावत राहिली. पुढे काही जुळलं नाही. निरोप आला की मुलगी छान आहे, पण साइटवर फार राहावं लागेल.

चौथ्या वर्षी मात्र गंमत संपली. प्रबंध द्यायची वेळ आली आणि नम्रताला स्वतःच्याच सिद्धतेत भोक सापडलं. कणाच्या वाटेवरच्या दोन ठिकाणच्या दिशा तिने थेट एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या. सपाट जागेवर ते चालतं. वक्र जागेवर दिशा वाटेने सांभाळत न्यावी लागते. "वाट लागली यार," एवढंच ती म्हणाली आणि दोन दिवस जेवली नाही.

सरांनी शनिवारी आम्हाला मार्वेहून मनोरीच्या फेरीबोटीत बसवलं. नम्रता समुद्राकडे पाठ करून वहीत बघत होती. समोर एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊन उभी होती. होडी डुलत होती, टोपली जागची हलत नव्हती. सरांनी नम्रताला हळूच सांगितलं, वही ठेव आणि त्या टोपलीकडे बघ, ती कशी सांभाळत नेतेय. तिने बराच वेळ बघितलं.

"दिसलं?" सरांनी आशेने विचारलं.

"हो सर. बांगडे आहेत."

भोक बुजायला पुढे आठ महिने लागले.

शेवटी नम्रताचा व्हायवा झाला, प्रबंधाची तोंडी परीक्षा. त्याच आठवड्यात तिला जर्मनीहून संशोधनासाठी बोलावणं आलं होतं. तिची आई मागच्या बाकावर, मांडीवर पर्स धरून दोन तास बसली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रीतीप्रमाणे विचारलं, अजून कुणाला काही विचारायचंय का. आईने हात वर केला.

"तो कण शेवटी घरी परत येतो का?"

कुणी हसलं नाही. परीक्षकांनी नम्रताकडे बघितलं. ती खडू हातात घेऊन आईला सांगू लागली, की ते जागेवर अवलंबून असतं. चेंडूसारख्या गोलावर असेल तर तो कितीही भटकला तरी निघाल्या जागेजवळ पुन्हा पुन्हा येतो. पण घोड्याच्या खोगिरासारखी सगळीकडे पसरत जाणारी जागा असेल, तर लांब जातो तो जातोच.

आईने पर्स खांद्याला लावली.

"मग पुढचं काम गोलावरच घे," ती म्हणाली.